ट्रॅपसाठी काडतूस घेताना: 24 ग्रॅम, साडेसात नंबर आणि आमचं शिरपूरचं ऊन

शिरपूरला माझं बियाणं-खतं-औषधांचं दुकान आहे आणि शॉटगनने, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीने, हवेत उडणाऱ्या थाळ्या फोडायचा ट्रॅप हा खेळ खेळायचा नाद आहे. दुकानात रोज बघतो, गिऱ्हाईक कपाशीचं पाकीट हातात घेतं आणि आधी वरचं बोंडाचं चित्र बघतं. लॉट नंबर, उगवणशक्ती, मुदत हे सगळं मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं. ते वाचणारा एखादाच. काडतुसाच्या पेटीचंही तसंच. वर झेप घेणारा ससाणा नाहीतर विजेची रेघ, त्याखाली मोठ्या आकड्यांत वेग, आणि कामाची माहिती बाजूच्या पट्टीवर. गेल्या हंगामात मी आणि माझ्या पुतणीने निरनिराळी काडतुसं उडवून पाहिली. त्यातलं काय घ्यावं आणि कशाच्या वाटेला जाऊ नये, ते इथे मांडतो.

कंपन्यांवरून भांडण नको. इटलीची फिओक्की, बास्किएरी-पेल्लाग्री, इंग्लंडची एली ही नावं रेंजवर कानावर पडतात, आणि प्रत्येकीच्या नावाखाली निरनिराळे प्रकार असतात. आपल्याकडे तर आयात करणाऱ्याने जो माल उतरवला तोच आपला ब्रँड. आज मिळालेली पेटी पुढच्या खेपेला मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून नाव पाठ करण्यापेक्षा प्रकार ओळखता आला पाहिजे.

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की डोळ्यासमोर रायफल येते. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य आणणारा स्वप्नील कुसाळे, सगळी रायफलची माणसं. शॉटगनचं वेड वरच्या मुलखात. बिकानेरचे डॉ. कर्णीसिंह यांनी 1962 ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य घेतलं, राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं रौप्य, आणि मानवजितसिंग संधू 2006 ला ट्रॅपचे जगज्जेते झाले. मला खेळायचं तर आग्रा रोडला लागायचं, पळासनेर सोडून बिजासनचा घाट चढायचा, सेंधवा, खलघाटला नर्मदा, मग इंदूर आणि पुढे भोपाळची बाजू. आमचे आप्पा दर वेळी गाडीत सामान भरताना विचारतात, "मातीनी थाळी फोडाले इतला पैसा लागतस का रे?" थाळी मातीची नसते, डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची असते, पण पैशाबद्दल आप्पांचं खरं आहे.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेमबाजाच्या पुढे 15 मीटरवर खंदक असतो, त्यात 15 यंत्रं. उभं राहायच्या जागा पाच. प्रत्येक जागेसमोर तीन यंत्रं, आणि त्यातलं कुठलं थाळी फेकणार ते आपल्याला माहीत नसतं. "पुल" म्हटलं की थाळी सुटते, डावीउजवीकडे 45 अंशांपर्यंत कुठेही, ताशी शंभर किलोमीटरच्या पुढच्या वेगाने. थाळीचा व्यास 110 मिलिमीटर, वजन 105 ग्रॅम. एका थाळीवर दोन बार टाकता येतात. 25 थाळ्यांचा एक राउंड, आणि मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत 125 थाळ्या. पहिला बार थाळी तीसेक मीटरवर असताना लागतो. तो चुकला तर दुसरा चाळीसच्या आसपास किंवा त्याही पुढे. काडतूस निवडायचं ते या दोन अंतरांसाठी.

आता आपल्याकडच्या घरांत कुठली काडतुसं असतात ते बघू. सातपुड्याच्या कडेच्या ज्या घरांत जुनी परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप), तिथल्या कपाटात खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं हमखास निघतात. बीबी, चार नंबर, सहा नंबर, कुठे एसजी, एलजी, ही सगळी छर्ऱ्यांच्या मापांची नावं. ती त्यांच्या कामाला बरोबर, पण ते काम वेगळं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, पीक संरक्षणाच्या परवान्यावर बंदुका राहिल्या आणि काडतुसंही त्याच जातीची राहिली. मोठे छर्रे, संख्येने कमी, भरणी म्हणजे छर्ऱ्यांचं एकूण वजन जड. एसजी किंवा बीबीने थाळी फोडायला बघितलं तर छर्ऱ्यांच्या मधून थाळी आरामात निघून जाते, आणि रेंजवर ती चालवूही देत नाहीत, कारण मोठा छर्रा फार लांब जातो. रेंजची सुरक्षित हद्द बारीक छर्रा धरूनच आखलेली असते. "अरे, वरणगावला गोळ्या बनतात, भुसावळहून घेऊन ये," असंही सांगणारे भेटतात. वरणगावचा कारखाना सैन्याच्या रायफलींसाठी गोळी बनवतो. तिचा आपल्या छर्ऱ्याच्या काडतुसाशी संबंध नाही.

आंतरराष्ट्रीय नियमाने भरणी 24 ग्रॅमची, चूकभूल धरून 24.5 पर्यंत. छर्रा 2.6 मिलिमीटरपेक्षा मोठा नको. काडतुसाची लांबी 70 मिलिमीटरच्या आत. स्पर्धेत तपासणारे कुणाच्याही खिशातलं काडतूस मागून घेऊन, उघडून, छर्रे तोलू शकतात. एकेकाळी 32 ग्रॅम चालायचे, मग 28 झाले, आता 24. जुने खेळाडू अजून 28 ची आठवण काढून उसासे टाकतात. मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही, का ते पुढे येईल.

छर्ऱ्याचा नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, पण या नंबराचा मोठा घोळ आहे. इंग्लंडचा नंबर, अमेरिकेचा नंबर आणि इटलीचा नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेचा साडेसात म्हणजे 2.4 मिलिमीटर, इंग्लंडमध्ये तोच छर्रा सात नंबरचा. इंग्लंडचा आठ हा 2.2 च्या आसपास, अमेरिकेचा आठ थोडा मोठा. म्हणून पेटीवर मिलिमीटरमध्ये काय लिहिलंय ते बघा. ते लिहिलेलंच नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर पेटी उचलू नका. एका दुकानात मला "साडेसात काय आणि आठ काय, थाळीला काय कळतंय?" असं ऐकवलं गेलं. थाळीला कळतं. 24 ग्रॅममध्ये 2.4 मिलिमीटरचे छर्रे तीनशेला थोडे कमी बसतात, अमेरिकी आठ नंबरचे साडेतीनशेच्या जवळ, नऊ नंबरचे पाचशेच्या जवळ. संख्या वाढली की जाळं दाट होतं, पण एकेक छर्रा हलका होतो. साडेसातचा छर्रा आठच्यापेक्षा साधारण सहाव्या हिश्शाने जड आहे, आणि चाळीस मीटरवर थाळीचा कडक काठ फोडताना ते वजन उपयोगी पडतं.

कागदावरचं हे सगळं ठीक, पण तुमच्या नळीतून काय बाहेर पडतं ते कागदावर बार टाकल्याशिवाय कळत नाही. रेंजवाल्यांची परवानगी घेऊन आम्ही एक सकाळ याच कामाला दिली. दुकानातला खाकी कागदाचा रोल नेला होता. त्याचे मोठे ताव लाकडी चौकटीला ठोकले, मध्ये काळा ठिपका काढला आणि 35 मीटरवरून प्रत्येक तावावर एकच बार. मग ताव खाली काढायचा, जिथे भोकं सगळ्यात दाट आहेत तो मध्य धरून 75 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि मोजायला बसायचं. पुतणी स्केचपेन घेऊन दर दहा भोकांना रंग बदलत होती. मोजण्यापेक्षाही उपयोगी पडली ती पुठ्ठ्याची चकती. थाळीच्या मापाची, 11 सेंटिमीटरची चकती कापून घेतली आणि ती वर्तुळात फिरवत गेलो. चकतीखाली एकही भोक सापडत नाही अशी जागा मिळाली की तिथे थाळी जिवंत सुटणार. एकच भोक सापडलं तरी भरवसा नाही. आणि लक्षात घ्या, हवेत थाळी आपल्याला तिच्या काठाकडून दिसते, म्हणजे पूर्ण चकतीपेक्षा कितीतरी बारीक. म्हणून कागदावरची प्रत्येक फट प्रत्यक्षात मोठीच धरायची.

पहिला ताव ज्या काडतुसाचा, त्याच्या पेटीवर सेकंदाला 430 मीटर असं ठळक छापलेलं. 24 ग्रॅम, 2.4 मिलिमीटर, भाव इतरांपेक्षा उतरता. आवाज खणखणीत, खांद्याला टोला चांगलाच. कागद बघितला तर मध्ये छर्ऱ्यांचा गठ्ठा आणि त्याच्या डाव्या अंगाला चकती सरळ बसेल एवढी मोकळी जागा. कडेला लांब गेलेले सुटे छर्रेही बरेच. तेच पुन्हा केलं, मोकळी जागा सरकली पण गेली नाही. रेंजवरच्या मार्गदर्शकाने त्यातलं एक काडतूस कापून छर्रे पांढऱ्या बशीत ओतले. नुसत्या डोळ्यांना दिसत होतं: काही चपटे, काही लांबोडके, दोन-तीन जोड्या एकमेकांना चिकटलेल्या. नखाने दाबलं तर खूण उमटत होती, इतकं शिसं मऊ. अशा मऊ छर्ऱ्यांना मागून जोराचा धक्का बसला की खालचे छर्रे वरच्यांच्या भाराखाली आणखी चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. वेग छापायला सोपा असतो. शिशात अँटिमनी मिसळून ते कडक करायला पैसे लागतात.

आणि त्या जादा वेगातून मिळतं काय? छर्रा बारीक असल्यामुळे हवेत त्याचा जोर लगेच उतरतो. 400 ने निघालेला आणि 430 ने निघालेला, दोघांना 35 मीटरवर पोचायला काही हजारांश सेकंदांचा फरक पडतो. तेवढ्या वेळात तिरकी जाणारी थाळी वीतभरसुद्धा सरकत नाही, आणि आपला फैलाव पाऊण मीटरचा. त्या फरकापायी कुणाची थाळी सुटली असं म्हणणाऱ्याने आधी आपला गाल दस्त्याला टेकलेला असतो का, ते तपासावं.

दुसऱ्या काडतुसाची पेटी साधी, पट्टीवर 24 ग्रॅम, 2.4 मिलिमीटर, वेग 400 च्या आसपास आणि शिसं कडक असल्याचा उल्लेख. बशीत छर्रे ओतले तेव्हा ते घरंगळत कडेला गेले. चिकटलेला एकही नाही. तावावर, फुल चोकमधून (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळलेला भाग, फुल म्हणजे सगळ्यात जास्त आवळलेला), वर्तुळात दोनशेच्या वर भोकं आणि चकती फिरवताना कुठेही ती रिकामी राहिली नाही. जुना हिशेब असा की 40 यार्डांवर 75 सेंटिमीटरच्या वर्तुळात फुल चोकने साधारण 70 टक्के छर्रे पडावेत, हाफने 60, बिनचोक नळीने 40. या काडतुसाने हिशेब राखला. वरकड गोष्ट म्हणजे हाफ चोकमधूनही ताव जवळजवळ तीनचतुर्थांश चोकसारखा दाट आला. कडक छर्ऱ्याने असं होतं. म्हणून काडतूस बदललं की चोकबद्दलचं आपलं जुनं मत तसंच धरून बसू नये.

मी आता हेच वापरतो, दोन्ही नळ्यांत. पुष्कळ जण पहिल्या नळीला आठ आणि दुसरीला साडेसात असं वाटून घेतात. कागदोपत्री त्यात चूक नाही. पहिलं अंतर कमी, तिथे दाट जाळं बरं. पण चार नंबरच्या जागेवर घाम पुसत उभं असताना कुठल्या खिशातलं कुठल्या नळीत, याचा विचार डोक्यात नको. एक खिसा, एक काडतूस.

28 ग्रॅम आठ नंबरही उडवून पाहिलं, सरावाच्या राउंडला ते चालतं म्हणून. पहिल्या बाराला थाळीचा अक्षरशः धूर होतो, बघायला मजा येते. दुसऱ्या बाराला मात्र नुसता टवका उडून थाळी पुढे जाते असं पुन्हा पुन्हा दिसलं. नियमाने दिसण्याजोगा एक तुकडा उडाला तरी थाळी आपली, पण तुकड्यावर विसंबून खेळायचं तर पंचाच्या नजरेवर विसंबावं लागतं. त्यापेक्षा मोठी हरकत धक्क्याची. चार ग्रॅम म्हणजे किती, असं वाटतं. तेवढ्याच वेगाने 28 ग्रॅम बाहेर फेकायचे तर साडेतीन किलोच्या बंदुकीत मागे येणारी ऊर्जा साधारण पाव हिश्शाने वाढते. पहिल्या राउंडला जाणवत नाही. चौथ्याला जाणवतं.

धक्का हा मर्दानगीचा विषय करून ठेवलाय लोकांनी, तो माझ्या पुतणीमुळे मला नीट बघायला मिळाला. मुलगी सडपातळ, खांदा अरुंद. सुरुवातीला तिला कुणीतरी दिलेली वेगवान काडतुसं होती. तिसऱ्या राउंडपासून तिचे बार खाली जायला लागायचे. मार्गदर्शकाने गुपचूप एका नळीत रिकामं सरावाचं काडतूस घातलं आणि तिला "पुल" म्हणायला लावलं. चाप ओढला, बार झाला नाही, पण नळीचं टोक हातभर खाली गेलं आणि डोळे मिटले. धक्का बसायच्या आधीच शरीर त्याच्यापासून पळत होतं. हे मनाने ठरवून थांबत नाही. तिला 21 ग्रॅमची, मंद वेगाची काडतुसं दिली. 24 पेक्षा कमी चालतं, नियम फक्त वरच्या टोकाला आहे. छर्रे आठवा हिस्सा कमी, त्यामुळे दूरची थाळी अधूनमधून सुटते, पण नळी खाली जायची थांबली. "काका, आता आवाज ऐकू येतो, दुखत नाही," हे तिचं परीक्षण. खांदा भरला की ती 24 वर येईल, घाई नाही. नवख्या मुला-मुलींना 28 देऊन "सवय होईल" म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. सवय होते ती डोळे मिटायची.

नऊ नंबरची पेटी स्कीट या थाळ्यांच्या दुसऱ्या खेळासाठी. तिथे थाळी वीस मीटरच्या आतबाहेर असते, बार एकच, जाळं जितकं पसरट तितकं बरं. पॅरिसला 2024 मध्ये माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका या जोडीचं कांस्य एका गुणाने हुकलं, ते स्कीटच. ट्रॅपला नऊ नंबर आणू नका, एवढंच.

फेल्टच्या वॅडची (दारू आणि छर्रे यांच्यामधल्या बुचाची) काडतुसंही मिळतात. शेतात प्लॅस्टिकच्या वाट्या पडू नयेत म्हणून ती बाहेरच्या देशांत बरीच चालतात. विचार मला पटतो, पण प्लॅस्टिकची वाटी छर्ऱ्यांना नळीच्या भिंतीवर घासू देत नाही आणि तावावर तो फरक दिसतो. स्टीलच्या छर्ऱ्यांबद्दल विचाराल तर, स्टील शिशाहून हलकं आणि फार टणक. जुन्या नळ्यांत आणि फुल चोकमध्ये त्याच्या वाटेला जाऊ नका.

पेटी विकत घेताना मी काय बघतो, ते सांगतो. एक पेटी पंचविसाची. ती उघडून चार-पाच काडतुसं हातात घ्यायची. तोंडाची चुणी बघायची. ट्रॅपच्या चांगल्या काडतुसाला बहुधा आठ चुण्या असतात, आणि मधोमध त्या घट्ट मिटलेल्या हव्यात. टाचणी जाईल असं भोक दिसलं तर नको. बुडाची कडा बघायची. पितळी दिसते ती बहुतेक वेळा पितळेचा मुलामा दिलेली लोखंडी असते, आणि पावसाळाभर ओलीत पडलेल्या मालाला तिथे तांबूस गंज धरतो. एका व्यापाऱ्याने मला अशीच पेटी गळ्यात मारायचा प्रयत्न केला, वर "बाराला काय फरक पडतो" हे तत्त्वज्ञान. बाराला पडत नसेल. पुंगळी बाहेर काढताना पडतो. फुगलेली, गंजलेली पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेत, अडकून बसते आणि मग भर राउंडमध्ये काठी शोधत फिरायचं. शेवटची गोष्ट लॉट नंबर. सगळ्या पेट्या एकाच लॉटच्या मागा. एकाच नावाच्या दोन लॉटचे ताव वेगळे आलेले मी पाहिलेत.

अर्थात, निवड करायला आधी माल मिळायला हवा. काडतुसं परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर नोंद करून. वर्षाला किती आणि एका वेळी किती बाळगायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि साध्या परवान्यावरचा आकडा ट्रॅपवाल्याला सरावाच्या एका दौऱ्यातच संपवता येईल. खेळाडू म्हणून मर्यादा वाढवून मिळते, पण त्यासाठी संघटनेचं सदस्यत्व, स्पर्धांचे दाखले, कागद आणि चिकाटी लागते. पीक संरक्षणाचा परवाना दाखवून रेंजवर थाळ्या फोडायला जाता येईल, या भ्रमात राहू नका. प्रवासात मूळ परवाना जवळ, बंदूक खोललेली आणि पेटीत, काडतुसं वेगळी आणि कुलपात. अडीचशे काडतुसांचं खोकं नऊ-दहा किलोच्या घरात जातं, ते गाडीत कुठे ठेवायचं हेही आधीच ठरवलेलं बरं.

कारण इथे ऊन आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 ला सहज जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किती होत असेल त्याचा विचार करा. तापलेल्या काडतुसातली दारू जास्त जोराने जळते, दाब वाढतो, धक्का वाढतो, आणि सकाळी सरळ वाटणारं काडतूस दुपारी आडदांड वाटायला लागतं. आम्ही खोकं मागच्या सीटखाली, जाड गोधडीत गुंडाळून नेतो. रेंजवर उतरल्यावर सावलीत. राउंडला लागतील तेवढीच खिशात. घरी खालच्या मजल्यावर, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, कुलपात. वर स्लॅबखालच्या खोलीत नाही. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, त्या दुकानात आयत्याच मिळतात.

बार नेहमीपेक्षा फुसका वाटला, आवाज दबका आला, तर तिथेच थांबायचं. बंदूक उघडायची, दोन्ही काडतुसं काढायची आणि नळीतून उजेड आरपार दिसतो का बघायचं. वॅड नळीत अडकला असेल आणि त्यावर दुसरा बार टाकला तर नळी फुटते. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरमध्ये घातलं तर ते घसरत पुढे जाऊन अडकतं, आणि मागून बाराचं काडतूस बसतं, परिणाम तोच. वीस बोअरच्या काडतुसाचा रंग पिवळा ठेवायचा रिवाज त्यासाठीच आहे. घरात दोन्ही बोअर असतील तर पट्टे वेगळे, कपाटाचे खण वेगळे.

राहिली जुन्या दुनळ्यांची गोष्ट, आणि खान्देशात ती महत्त्वाची, कारण आजोबांची विलायती बंदूक काढून "हिच्यात कुठलं घालू" विचारणारे माझ्याकडे दुकानात येत असतात. त्या बंदुकांपैकी पुष्कळांचं चेंबर अडीच इंचाचं, म्हणजे 65 मिलिमीटरचं. आजची ट्रॅपची बहुतेक काडतुसं 70 ची. गंमत अशी की 70 चं काडतूस त्या चेंबरमध्ये विनातक्रार बसतं, बंदूक बंदही होते. 70 हे माप तोंडाची चुणी उलगडल्यावरचं असतं. मिटलेलं काडतूस साठच्या आतबाहेर भरतं. बार होताना चुणी पुढे उलगडते, तिला जागा उरत नाही, चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात ती शिरते आणि छर्ऱ्यांची वाट अरुंद होते. दाब वाढतो, तोही शंभर वर्षांच्या नळीत. तेव्हा "बसतंय ना, मग चालतंय" हा हिशेब इथे लागू नाही. नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करून त्यांच्या बुडाखालची बाजू पुसून बघा, चेंबरची लांबी आणि प्रूफचे, म्हणजे नळीची दाबाची चाचणी झाल्याचे, छाप तिथे कोरलेले असतात. अडीच इंच असेल तर 65 चीच काडतुसं, हलक्या दाबाची, आणि तीही जाणत्या बंदूकसाजाने नळ्या तपासल्यावर. काहीच वाचता येत नसेल तर बंदूक भिंतीवर शोभते. दोन आठवड्यांपूर्वी थाळनेरच्या बाजूचा एक जण मोबाइलवर आपल्या बंदुकीचे फोटो घेऊन आला होता; दस्त्याची नक्षी, चापाजवळचं कोरीव काम, सगळं होतं, नळीच्या बुडाचा एकही नव्हता. त्याला तो फोटो काढून आणायला परत पाठवलंय.